भातुकलीचे थोरले भावंड : अपरिचित भूमिकाखेळांची ओळख

भातुकली न खेळलेला मराठी माणूस विरळाच. ‘तू आई, मी बाबा, हा वाणी’ एवढे ठरले की तीन दगडांची चूल होते, वाळूचा भात होतो आणि पाल्याची भाजी. या खेळात नियम एकच : जो जे बोलला ते घडले. पण तीच मुले थोडी मोठी होऊन चोर-शिपाई खेळू लागली की तंटा सुरू होतो. ‘मी तुला गोळी मारली.’ ‘छे, मला लागलीच नाही!’ दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. निवाडा करणारे कोणी नसते, म्हणून खेळ मोडतो.

हा निवाडा कसा करावा, याचे उत्तर शोधण्यातून एक संपूर्ण खेळप्रकार जन्माला आला. इंग्रजीत त्याला ‘टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. आपण त्याला भूमिकाखेळ म्हणू. चार-पाच माणसे एका टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि जेथे ‘लागली की नाही’ असा प्रश्न येतो तेथे फासे टाकले जातात. पट नसला तरी चालते. या खेळात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरतही नाही. शेवटी हाती उरते ती सर्वांनी मिळून रचलेली गोष्ट.

या प्रकारातील एकच नाव बहुतेकांच्या कानावर असते, ते म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका २०१६ मध्ये आली आणि त्यातील मुले तळघरात बसून खेळतात तो खेळ आपल्याकडेही अनेकांना ठाऊक झाला. परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे क्रिकेट पाहून जगात एकच मैदानी खेळ आहे असे समजण्यासारखे होय. या एका खेळाच्या सावलीत शेकडो लहान खेळ आहेत. त्यांतील काही एका कागदावर मावतात, काही एकट्याने खेळता येतात आणि अनेकांना तलवार किंवा राक्षस लागतच नाही. आपल्या भाषेत, आपल्या गावात हा प्रकार रुजायचा असेल तर तो या लहान खेळांच्या वाटेनेच रुजेल असे वाटते.

चतुरंगापासून ड्रॅगनपर्यंत

या खेळाचा वंशवृक्ष पाहिला तर त्याचे एक मूळ आपल्याच मातीत निघते. भारतातील चतुरंगातून बुद्धिबळ झाले. ब्रन्सविकच्या योहान हेल्विग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचाच पट वाढवून, त्यात डोंगर-नद्या घालून युद्धाचा खेळ तयार केला. पुढे प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ हा खेळ सिद्ध केला. त्यात नकाशा होता, फासे होते आणि निवाडा करणारा पंचही होता. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो सैन्यात वापरला गेला.

खरे वळण अमेरिकेत मिनेसोटा राज्यात आले. डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ या काल्पनिक गावावर युद्धखेळ मांडला, पण अनेक खेळाडूंना पलटणी न देता त्या गावातील एकेक व्यक्ती दिली. सैन्याऐवजी माणूस खेळायचा, ही कल्पना तेथे सुरू झाली. त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन यांनी तिला अद्भुतकथेची जोड दिली आणि गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. १९९७ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने मूळ प्रकाशन कंपनी विकत घेतली, आणि १९९९ मध्ये खेळणी बनविणाऱ्या ‘हॅस्ब्रो’ने विझर्ड्सलाच घेतले. हौशी मंडळींचा उद्योग अशा रीतीने पंचवीस वर्षांत मोठ्या कंपनीच्या ताब्यात गेला.

या इतिहासात भारताशी नाते असलेला एक कमी परिचित खेळ आहे. १९७५ मध्ये आलेला ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ एम. ए. आर. बार्कर यांनी रचला. ते मिनेसोटा विद्यापीठात उर्दू व दक्षिण आशियाविषयक अभ्यासाचे प्राध्यापक होते. त्यांच्या काल्पनिक जगात युरोपीय किल्ल्यांऐवजी कुळे, मंदिरे, पदव्या आणि स्वतःचे व्याकरण असलेली भाषा होती. अनेक वर्षे हा खेळ विद्वत्तेचा नमुना म्हणून वाखाणला गेला. मात्र बार्कर यांनी १९९१ मध्ये टोपणनावाने नाझी विचारांचा पुरस्कार करणारी कादंबरी लिहिली होती, हे २०२२ मध्ये त्यांच्या साहित्याची देखभाल करणाऱ्या संस्थेनेच मान्य केले. परक्या संस्कृतीचे ज्ञान आणि माणसांविषयीचा आदर या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असे नाही, हा धडा यातून घ्यावा.

समजा, किनवटला खेळ मांडला

आता खेळ प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहू. त्यासाठी नेहमीचा किल्ला आणि ड्रॅगन बाजूला ठेवून नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, किनवटला जाऊ. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरचे हे गाव पैनगंगेच्या काठी आहे. नदीपलीकडे विदर्भ, दुसऱ्या अंगाला तेलंगणा आणि भोवती सागाचे जंगल. जवळच सहस्रकुंडाचा धबधबा, उनकेश्वरचे गरम पाण्याचे कुंड आणि माहूरचा गड. गोष्ट रचायला याहून अधिक काय हवे?

समजा, पाच मित्रमैत्रिणी जमल्या आहेत. एक सूत्रधार झाली. उरलेल्या चौघांनी पात्रे घेतली : एक वनरक्षक, एक आशा सेविका, एक निवृत्त गुरुजी आणि एक एसटीचा वाहक. सूत्रधार म्हणते, ‘श्रावणातली संध्याकाळ. माहूरहून निघालेली एसटी ओढ्याच्या पुलाअलीकडे थांबली आहे. पुलावरून गुडघाभर पाणी वाहते आहे. पलीकडच्या वाडीत एक बाई अडलेली असल्याचा निरोप आला आहे. काय करता?’

आशा सेविका होणारी मुलगी म्हणते, ‘गुरुजी, तुम्ही गाडीतच बसा. दादा, गाडीत दोर आहे का बघा. वाटा ठाऊक असलेले वनरक्षक पुढे होतील, मी मागून येते.’ वनरक्षक म्हणतो, ‘मी दोर कमरेला बांधून आधी उतरतो.’

येथे ‘लागली की नाही’चा प्रश्न आला. आता फासे. समजा, या मंडळींनी व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या ‘अॅपोकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) या खेळाची पद्धत घेतली आहे. लुडोतले दोन साधे फासे टाकायचे, बेरीज करायची आणि पात्राच्या अंगी तो गुण असेल तर त्यात थोडी भर घालायची. बेरीज दहा किंवा अधिक आली तर काम फत्ते. सहा किंवा कमी आली तर संकट. सात ते नऊ आली तर काम होते, पण काहीतरी किंमत मोजावी लागते.

वनरक्षकाला तीन आणि चार पडले, म्हणजे सात. जंगलाची माहिती म्हणून एक अधिक, आठ झाले. सूत्रधार म्हणते, ‘तुम्ही दोघेही पलीकडे पोचत आहात. पण मध्येच लोंढा येतो. आशाताईंच्या हातातली औषधांची पिशवी सुटते आहे. पिशवी धरायची तर दोर सोडावा लागेल. काय करता?’ मग सतरंजीवर क्षणभर शांतता पसरते.

या पद्धतीचे मर्म गणितात आहे. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १५ शक्यतांत बेरीज सहा किंवा कमी येते, १५ शक्यतांत सात ते नऊ आणि केवळ सहा शक्यतांत दहा किंवा त्याहून अधिक. म्हणजे ज्याला काहीच विशेष गुण नाही त्याला निर्भेळ यश सहा वेळांत एकदाच मिळते. पण ज्याला एकाची भर मिळते त्याचे संकटाचे प्रसंग १५ वरून १० वर येतात, आणि ‘होईल, पण किंमत मोजून’ या उत्तराच्या शक्यता १६ होतात. खेळाचा कणा आहे तो हाच. नुसते जिंकणे किंवा नुसते हरणे गोष्टीला थांबवते. किंमत मोजून मिळालेले यश पुढचा प्रश्न उभा करते.

आणखी एक गोष्ट येथे लक्षात येते. इंग्रजीत सर्वांना एकच ‘यू’ पुरतो. मराठीत खेळायला बसले की ‘गुरुजी, तुम्ही’ म्हणायचे की वाहकाला ‘दादा’ म्हणायचे, हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. नाते, वय, मान आणि जवळीक हे सारे सर्वनामातूनच येते. किनवटच्या बाजारात तर मराठीसोबत तेलुगू, गोंडी, बंजारा बोली आणि उर्दूही कानावर पडते. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो, एवढ्यानेच पात्र उभे राहते.

एका कागदापासून दहा मेणबत्त्यांपर्यंत

आता त्या अपरिचित खेळांची ओळख करून घेऊ. सर्वांत सोपी सुरुवात म्हणजे एकपानी खेळ. जॉन हार्पर यांचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ (२०१३) अंतराळयानावरील कर्मचाऱ्यांचा खेळ आहे. प्रत्येक पात्राला दोन ते पाच यांपैकी एकच आकडा असतो. यंत्र, तर्क, विज्ञान यांचे काम असेल तर फासा त्या आकड्याखाली पडावा लागतो. मन वळवणे, माया लावणे असे काम असेल तर त्याच्या वर. एका बाजूला हुशार असलेले पात्र दुसऱ्या बाजूला आपोआप कच्चे राहते. संपूर्ण नियम वाचायला दहा मिनिटे पुरतात.

ग्रँट हॉविट यांच्या ‘हनी हाइस्ट’मध्ये (२०१७) सर्व खेळाडू अस्वले असतात आणि त्यांना मध चोरायचा असतो. गुण दोनच : अस्वलपणा आणि गुन्हेगारी. दोहोंपैकी एक गुण कमाल मर्यादेला पोचला की पात्र हातचे जाते. ते पुरते अस्वल तरी होते किंवा पुरते चोर तरी. मधाऐवजी मोहाची फुले ठेवली तर हा खेळ पैनगंगेच्या जंगलात जसाच्या तसा चालेल.

ज्यांना सूत्रधारच नको त्यांच्यासाठी एव्हरी अॅल्डर यांचा ‘द क्वाएट इयर’ (२०१३) आहे. कोऱ्या कागदावर सर्वांनी मिळून एका वस्तीचा नकाशा काढायचा. पत्त्यांचा एक जोड म्हणजे ५२ पाने, आणि एक पान म्हणजे एक आठवडा. चार रंग म्हणजे चार ऋतू. प्रत्येक पान एक प्रश्न विचारते आणि नकाशावर काहीतरी नवे उमटते. ज्याची पाळी तो निर्णय घेतो, बाकीच्यांना मध्ये बोलता येत नाही. निर्णय पटला नाही तर ते केवळ एक खूण उचलून आपल्यापुढे ठेवतात. वर्ष सरत जाते तसा त्या खुणांचा ढीग वाढतो आणि वस्तीत न बोललेली नाराजी किती साठली ते सर्वांना दिसू लागते. ग्रामसभा पाहिलेल्या माणसाला या खेळाचे मोल वेगळे सांगायला नको. टँकरची वाट पाहणारे मराठवाड्यातील एखादे गाव त्या कागदावर काढून पाहावे.

‘ड्रेड’ (२००५) या भयकथेच्या खेळात फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो. अवघड काम करायचे तर त्यातील एक ठोकळा काढून वर ठेवायचा. मनोरा ज्याच्या हातून कोसळेल त्याचे पात्र गोष्टीतून बाद. जसजसा मनोरा डुलू लागतो तसतशी भीती शब्दांत न सांगताच बोटांत उतरते. स्टीफन ड्यूई यांचा ‘टेन कँडल्स’ (२०१५) तर अंधारातच खेळायचा असतो. दहा मेणबत्त्या लावायच्या, आणि खेळ पुढे जाईल तशा त्या एकेक विझत जातात. शेवटची मेणबत्ती विझते तेव्हा कोणतेही पात्र वाचत नाही, आणि हे सर्वांना आरंभापासून ठाऊक असते. प्रश्न फक्त एवढाच की ते अखेरपर्यंत कसे वागले. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या मराठवाड्याला साहित्य जमवण्याची अडचण पडू नये.

जपानचा ‘रयूतामा’ (२००७) ही प्रवासाची गोष्ट आहे. अत्सुहिरो ओकादा यांच्या या खेळात वीर नाहीत. शेतकरी, व्यापारी, वैद्य अशी साधी माणसे गाव सोडून वाटेला लागतात. पाऊस, चिखल, अंथरूण-पांघरूण आणि शिधा यांचा हिशेब लढाईइतकाच महत्त्वाचा ठरतो. वारीची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हा खेळ परका वाटणार नाही.

सोबती नसतील तर टिम हचिंग्ज यांचा ‘थाउजंड इयर ओल्ड व्हॅम्पायर’ एकट्याने वही घेऊन खेळायचा आहे. पात्र हजार वर्षे जगते, पण त्याच्या मनात एका वेळी पाचच आठवणी मावतात. नवी आठवण हवी तर जुनी सोडावी लागते. आपण काय विसरायचे हे स्वतःच्या हाताने खोडताना खेळाडूला जे वाटते, ते एखाद्या चांगल्या कादंबरीहून कमी नसते.

फासे नसले तरी

मोठ्या खेळात चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस पैलूंचे फासे लागतात. ते लहान गावच्या दुकानात मिळतीलच असे नाही. पण फासा म्हणजे काय, तर दैवाला प्रश्न विचारण्याचे साधन. ते आपल्या घरात पूर्वापार आहे. सहा कवड्या टाकल्या तर उताण्या-पालथ्याच्या ६४ शक्यता होतात. बरोबर तीन उताण्या पडण्याच्या त्यांतील २०. दोन किंवा कमी उताण्या पडण्याच्या २२ आणि चार किंवा अधिक पडण्याच्याही २२. म्हणजे ‘संकट’, ‘किंमत मोजून यश’ आणि ‘फत्ते’ असे जवळजवळ समान तीन वाटे आयते मिळतात. कवडी नाण्याइतकी समतोल नसते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडेल, पण गोष्ट रचायला तेवढा हिशेब पुरे. कवड्या नसतील तर दुभंगलेले सहा चिंचोके घ्यावेत.

खेळांचा वारसा आपल्याला नवा नाही. आजच्या बसवकल्याणहून राज्य करणाऱ्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकीची प्रकरणे लिहिताना बुद्धिबळ व फाशांचे खेळ नोंदवले. ते बसवकल्याण लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) पंडित हरिकृष्ण यांनी १८७१ मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध करून अनेक बैठ्या खेळांचे पट व नियम एकत्र आणले. मोक्षपटाची परंपरा तर थेट ज्ञानेश्वरांचे नाव सांगते. त्या पटावर शिडी म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण असल्याने सोंगटीबरोबर खेळणाऱ्याचा आत्माही चालतो, अशी कल्पना होती. पात्र होऊन पटावर उतरण्याचे हे बीजच म्हणावे लागेल.

दुसरे बीज आपल्या लोकरंगभूमीत आहे. कोकणातील दशावतारात कथानक ठरलेले असते, पण संवाद लिहिलेले नसतात. नट ते रंगमंचावर उभ्या-उभ्या रचतात. तमाशातील बतावणीही हजरजबाबीपणावरच उभी असते. भूमिकाखेळात खेळाडू नेमके हेच करतो. फरक इतकाच की येथे प्रेक्षक नसतात आणि शेवट कोणालाच ठाऊक नसतो.

देवाला किती ‘प्राणांक’?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १९८० मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात जगभरच्या दैवतांबरोबर भारतीय दैवतांचेही एक प्रकरण होते. प्रत्येक दैवताला लढाईत किती घाव सोसवतील याचे आकडे दिलेले होते. ज्यांच्यासाठी ती पुराणकथा होती त्यांना गंमत वाटली असेल, पण ज्यांच्या देव्हाऱ्यात ते देव होते त्यांना कोणी विचारले नव्हते. २०२२ मध्ये याच खेळाच्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या पुस्तकात मात्र वेगवेगळ्या संस्कृतींतील लेखकांनी आपापल्या परंपरेवरून कथा रचल्या. त्यांत बंगाली लेखिका मिमी मंडल यांची ‘इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा’ ही कथाही आहे. चाळीस वर्षांत पडलेला हा फरक लहान नव्हे.

हीच कसोटी आपल्यालाही लागू आहे. किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि या पट्ट्यात गोंड, कोलाम, परधान, आंध अशा आदिवासी समाजांची वस्ती आहे. दिवाळीच्या सुमारास आदिलाबाद परिसरातील राजगोंड गावांतून दंडारीची पथके एकमेकांच्या गावी पाहुणी जातात. त्यांतील गुसाडी मोरपिसांचा भव्य मुकुट घालतो, अंगाला राख फासतो आणि त्या काळापुरता दैवी अंश मानला जातो. मार्लवाईचे गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ही परंपरा अनेक शहरी वाचकांना प्रथमच कळली.

नांदेड किंवा पुण्याच्या खोलीत बसून किनवटच्या जंगलाचा खेळ रचणाऱ्याला गुसाडीचा मुकुट ‘भीतिदायक राक्षस’ म्हणून वापरण्याचा मोह सहज होईल. तो टाळला पाहिजे. ज्यांची ती श्रद्धा आहे ते सतरंजीवर बसलेले असतील आणि स्वतः सांगत असतील, तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याचे पात्र घेणे म्हणजे त्याची नक्कल करणे नव्हे. त्याच्या जागी उभे राहून निर्णय घेऊन पाहणे, हा या खेळाचा खरा संस्कार आहे.

टेबलावरच्या माणसांचाही असाच विचार हवा. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांनी सुचविलेली एक साधी युक्ती आता अनेक ठिकाणी वापरतात. फुलीचे चिन्ह असलेला एक कागद मध्यभागी ठेवायचा. गोष्टीत एखाद्याला असह्य होणारे काही आले तर त्याने कागदाला हात लावायचा. कारण विचारायचे नाही, तेवढा प्रसंग गाळून पुढे जायचे. जात, घरातील मृत्यू, कर्जापायी झालेली आत्महत्या असे विषय मराठवाड्यात कोणाच्या घराला स्पर्श करून गेले असतील हे सांगता येत नाही. हा कागद म्हणूनच फाशांइतका आवश्यक समजावा.

मराठी खेळाची वाट मोकळी

पैसा आणि भाषा हे या छंदाचे दोन उंबरठे आहेत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नीट खेळायचा तर शेकडो पानांची तीन जाडजूड इंग्रजी पुस्तके प्रमाण मानली जातात. किनवटच्या महाविद्यालयीन मुलाला किंवा मुलीला ती परवडली तरी त्यांची इंग्रजी आड येणार. लहान खेळांनी पहिला उंबरठा केव्हाच ओलांडला आहे. ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ विनामूल्य मिळतो. शॉन टॉमकिन यांचा ‘आयर्नस्वॉर्न’ (२०१८) हा एकट्यानेही खेळता येणारा मोठा खेळसुद्धा संगणकीय स्वरूपात विनामूल्य आहे. एकदा छापून घेतला की पुढे ना नेटवर्क लागते, ना वीज.

दुसऱ्या उंबरठ्याबाबत एक महत्त्वाची घटना २०२३ मध्ये घडली. ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ आपल्या खेळाच्या वापराचा २००० पासूनचा खुला परवाना बदलून अटी कडक करणार असल्याचा मसुदा जानेवारीत फुटला. जगभरच्या खेळाडूंनी आणि लहान प्रकाशकांनी त्याविरुद्ध एवढा गदारोळ केला की २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. इतकेच नव्हे तर खेळाचे मूलभूत नियम असलेला चारशेवर पानांचा दस्तऐवज ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुला केला. त्याआधीच ‘फेट’ आणि ‘ब्लेड्स इन द डार्क’ यांसारख्या खेळांनी आपले मूळ नियम अशाच परवान्याखाली दिले होते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. हे नियम कोणीही मराठीत आणू शकतो, बदलू शकतो, छापू शकतो आणि विकूही शकतो. मूळ कर्त्याचा व परवान्याचा उल्लेख करणे एवढीच मुख्य अट. खेळाचे बोधचिन्ह आणि त्यातील खास पात्रे मात्र वापरता येत नाहीत. तशी गरजही नाही. वेताळ, मुंज्या, हडळ आणि जखीण यांच्यावर कोणत्याही कंपनीचा हक्क नाही.

म्हणजे पैशाची आणि कायद्याची भिंत बऱ्याच अंशी दूर झाली आहे. उरले आहे ते भाषेचे काम, आणि ते दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही. हे काम केवळ भाषांतराचे नाही. आज शहरातील मराठी मुले मराठीत जेवतात, भांडतात. पण अंतराळात जाताना किंवा राक्षसाशी लढताना त्यांच्या तोंडी इंग्रजी येते, कारण त्या कल्पना त्यांना त्याच भाषेत भेटलेल्या असतात. ज्या भाषेत स्वप्नरंजन होत नाही ती हळूहळू फक्त व्यवहाराची उरते. ज्या खेळात सलग तीन तास बोलावेच लागते, तो या बाबतीत निबंधस्पर्धेपेक्षा अधिक उपयोगी ठरू शकतो.

पालकांच्या मनात शंका येईल. १९८० च्या दशकात अमेरिकेतही या खेळामुळे मुले बिघडतात अशी ओरड झाली होती. ती पुढे विरली. येथे तर मुले समोरासमोर बसतात, एकमेकांचे ऐकतात, पाळी येईपर्यंत थांबतात आणि मोबाइल बाजूला राहतो. वेळेची मर्यादा मात्र घालून द्यावी, कारण रंगलेला डाव मोडवत नाही.

सुरुवात करू पाहणाऱ्यांनी थोडक्यात एवढे करावे. चौघे-पाच जण जमवावेत. एकपानी खेळ निवडावा. स्थळ आपल्या ओळखीचे घ्यावे : आपला वाडा, आपले एसटी स्थानक, आपली नदी. पात्रांना नाव, काम आणि एक काळजी द्यावी, कारण काळजी असलेले पात्र आपोआप बोलू लागते. सूत्रधाराने उत्तरे तयार ठेवू नयेत, फक्त प्रश्न तयार ठेवावेत. पहिला डाव दोन तासांत संपवावा आणि शेवटी प्रत्येकाला विचारावे की, कोणता क्षण लक्षात राहिला.

त्या पुलावरची गोष्ट आपण अर्धवटच सोडली होती. औषधांची पिशवी धरायची की दोर? याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात दिलेले नाही. ते त्या संध्याकाळी सतरंजीवर बसलेल्या पाच जणांनाच ठरवायचे आहे. भातुकलीत आपण सारे कधी काळी हेच करीत होतो. मोठे झाल्यावर ते सोडून दिले, एवढेच.